झेंडावंदनानंतरची ग्रामसभा: त्याच दिवशी हवी की दुसऱ्या?

पारावरून
आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना आली आहे: स्वातंत्र्यदिनाला ग्रामसभा नको. झेंडावंदन, मुलांची भाषणं, खाऊवाटप एवढंच असू दे. हिशेबाची भांडणं पुढे कधीतरी बघू. बऱ्याच जणांनी होकारही कळवला.

माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो का हे इथे सविस्तर मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या गावचा नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चार दिवशी ग्रामसभा भरवायची हा महाराष्ट्रातला जुना प्रघात. कायदा वर्षाला किमान चार सभा मागतो. पुरेसं कारण नसताना सभा घेतली नाही तर सरपंचाचं पदही जाऊ शकतं. प्रघातात हे चारच दिवस आले, त्यामागे मला अर्थ दिसतो. २६ जानेवारीच घ्या. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० ला गावोगाव लोक जमले. तिथे प्रतिज्ञा वाचली गेली. परक्या राज्याने आपलं आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक नुकसान काय केलं याचा पाढाच होता तो. त्या दिवशी ना संचलन होतं ना खाऊ. माणसं एकत्र बसली आणि राज्यकर्त्यांचा हिशेब मांडला. पुढे १९४७ पर्यंत हाच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला, आणि राज्यघटना लागू करायला १९५० साली हीच तारीख निवडली ती त्या आठवणीसाठी. म्हणजे हा दिवस मुळात सभेचा आहे. सभा काढून टाकली तर उरतं काय?

गेल्या वेळी आमच्याकडे काय झालं ते सांगतो. झेंडावंदनाला पटांगण भरलेलं. अर्ध्या तासाने सभा, तिला कोरम नाही. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी ती संख्या, तीही भरली नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात मूठभर लोकांत घरकुलाची यादी, नळयोजनेचा खर्च, सगळं मंजूर. ज्यांनी सकाळी छाती काढून राष्ट्रगीत म्हटलं त्यांनीच दुपारी गावच्या पैशाकडे पाठ फिरवली, याचं मला फार वाईट वाटतं.

साखरशाळा
कळकळ समजली, पण तुमचं गाव बागायती पट्ट्यातलं असावं. आमच्या बीड जिल्ह्यात २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कोण असतं ते बघायला या. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात त्या पाडव्याच्या आसपास परततात. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. निम्मं गाव फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि ज्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही ते. सभा होते, कोरम कागदावर भरतो, आणि जो सर्वांत गरीब त्याच्या गैरहजेरीत घरकुलाची यादी ठरते.

तारीख राष्ट्राची असेल, पण हंगाम पोटाचा असतो. सभा एप्रिल-मेमध्ये घ्या, टोळ्या परतल्यावर. त्या दिवशी राष्ट्रीय सण नसला तरी ती खरी ग्रामसभा होईल. लाहोरचा इतिहास मलाही प्रिय आहे, मी तो वर्गात शिकवतो. पण त्या इतिहासापायी आजच्या मजुराचा सभेतला हक्क जात असेल तर तारीख बदलायला मी क्षणभर थांबणार नाही.

दप्तर
मी ग्रामसेवक आहे. एका मूळ गावाबरोबर आणखी एका गावाचा अतिरिक्त कार्यभार आहे. १५ ऑगस्टला दोन ठिकाणी झेंडा, दोन ठिकाणी सभा, आणि दोन्हीकडे प्रोसिडिंग मीच लिहायचं. शेवटी एक सभा घाईत उरकली जाते. उरकलेल्या सभेत प्रश्न विचारणारा माणूस अडथळा वाटू लागतो, हे मी स्वतः अनुभवतो आणि ते मला पटत नाही. शिवाय त्या दिवशी पोलीस तालुक्याच्या बंदोबस्तात. सभेत वाद पेटला तर बोलवायचं कुणाला?

दिवस कुठलाही धरा, पण प्रत्येक गावाला वेगळा द्या. सात दिवस आधी नोटीस, दवंडी, जमाखर्चाचा कागद आधीच फलकावर. एवढं झालं तर माणसं येतात.

ओटी
मी बचत गटातली. एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

१५ ऑगस्टला बाई घरातून बाहेर पडते ती मुलाचं भाषण ऐकायला. चांगली साडी नेसून, शेजारणीला हाक मारून शाळेत येते. तिथून चावडी चार पावलांवर. त्या दिवशी तिला सभेला जाते असं घरात वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी सभा ठेवा, सासू विचारते, तुझं तिथं काय काम? नवरा म्हणतो, आज खुरपणीची मजुरी कोण देणार? महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो, पण घराचा उंबरा कायद्याने ओलांडता येत नाही. राष्ट्रीय सणाच्या दिवशी तो ओलांडलेला असतो.

आमच्या गावात गुत्ता बंद करायची मागणी अशाच दिवशी पुढे आली. महिला सभा आदल्या दिवशी झाली होती. दुसऱ्या दिवशी झेंड्याला आलेल्या सगळ्या बायका तशाच सभेत जाऊन बसल्या. साध्या मंगळवारी त्यातल्या दहासुद्धा आल्या नसत्या. तेव्हा तारीख हलवण्याआधी, ती हलली तर कोण गळेल हे बघा.

वस्तीवरचा
ताईंचा मुद्दा मोलाचा आहे. पण माझ्या वस्तीचा अनुभव उलटा आहे.

आमच्याकडे सभेत वस्तीचा रस्ता काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: आजच्या पवित्र दिवशी वाद नको. विचारणारा माणूस गावाचा, आणि वर देशाचाही, अपमान करतोय असं वातावरण होतं. साध्या दिवशी हे हत्यार त्यांच्या हातात नसतं. म्हणून मी म्हणतो, हिशेबाची सभा झेंड्याच्या दिवशी नकोच.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा मांडला तेव्हा खेड्याबद्दल काय म्हटलं ते आठवा. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, अशा अर्थाचे ते शब्द होते. मसुद्याने गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं, याचं त्यांना समाधान होतं. त्यावर सभागृहात बरीच नाराजी झाली आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलं, ते आजचं कलम ४०. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू. त्या दुरुस्तीने राखीव जागा आल्या, आमची माणसं पंचायतीत बसली, हे मी मानतो. पण ग्रामसभा म्हणजे आपोआप लोकशाही, हे मला कुणी सांगू नये. सभा देवळाच्या सभामंडपात भरते आणि माझ्या वडिलांच्या वयाची माणसं पायऱ्यांपाशी उभी राहून ऐकतात. तिथे तारीख कुठलीही असो.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे सर्वसाधारण ग्रामसभा रविवारी असते, कायद्यातच तसं आहे. आणि ती झोपाळू नसते! बांधकाम परवाने, डोंगरकापणी, शेतजमिनीचं रूपांतर यांवर कधी कधी अंधार पडेपर्यंत चर्चा चालते. गोव्यातली जमीन कशी वापरायची हे २०११ पर्यंतसाठी ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’विरुद्ध लोक उठले आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो रद्द करावा लागला, तेव्हाही गावागावांतल्या बैठकांचं बळ मोठं होतं. माणसं १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनामुळे आली नव्हती, जमीन जाणार म्हणून आली होती.

तरी एक सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. माझ्या आजोबांनी विलीनीकरणाला मत दिलं होतं. तो दिवस आला की घरात आजही वाद होतो आणि तो होतो म्हणूनच त्या दिवसाला अर्थ आहे असं मी मानतो. सगळ्यांनी एका सुरात साजरा केलेला जनमत कौल म्हणजे हरलेल्या १,३८,१७० लोकांना पुसून टाकणं. त्यामुळे राष्ट्रीय दिवशी वाद नको हे वस्तीवरचा यांना ऐकवलं जातं, त्याचा मला संताप येतो.

तिसरा मजला
गावाकडे निदान भांडायला सभा आहे. मुंबईत मी झेंडावंदन सोसायटीच्या आवारात करतो, वडापाव खातो आणि घरी येतो. नगरसेवकाला प्रश्न विचारायची जागाच नाही. २००९ साली राज्याने क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली, मतदान केंद्रांच्या पातळीवर नागरिकांची सभा. ती आमच्याकडे भरलेली मी पाहिली नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. त्या काळातले प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, संविधान दिन सगळे धूमधडाक्यात झाले. उद्देशिका मोठ्याने वाचली गेली. निवडून दिलेला एकही माणूस पालिकेत नव्हता आणि एवढं मोठं शहर अस्वस्थ झालं नाही. ग्रामसभेची तारीख सोडून देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सुटलेली सभा परत मिळत नाही.

पारावरून
वस्तीवरचा, तुमचं म्हणणं सर्वांत जड आहे म्हणून आधी तुम्हालाच उत्तर देतो. पवित्र दिवशी वाद नको, हे हत्यार आहे हे मान्य. पण आपण तारीख सोडली की ते हत्यार कायमचं त्यांचं झालं. मग १५ ऑगस्टला फक्त त्यांनी बोलायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. रस्त्याचा प्रश्न झेंड्याखाली विचारला म्हणून देशाचा अपमान होत नाही, हे चार लोकांसमोर म्हणून दाखवायला तोच दिवस लागतो.

साखरशाळा, तुमच्या मुद्द्यापुढे मात्र लाहोर चालत नाही. २६ जानेवारीच्या सभेत लाभार्थ्यांची कोणतीही यादी मंजूर करू नये, अशी मागणी मी करायला तयार आहे. त्या दिवशी जमाखर्च मोठ्याने वाचावा, प्रश्न घ्यावेत, आणि यादी टोळ्या परतल्यावरच्या सभेत. वर्षाला किमान चार म्हणजे पाचवी घ्यायला कुणाची मनाई नाही. दप्तर यांची अडचण खरी आहे, पण ती मनुष्यबळाची आहे. तिच्यासाठी सभा का हलवायची? दुसरा माणूस मागायला हवा.

साखरशाळा
यादी थांबवणार असाल तर २६ जानेवारीला माझा विरोध नाही. पण ते ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. आणि पाचव्या सभेची दवंडी टोळी परतल्यानंतर द्या, आधी नको.

वस्तीवरचा
माझा विरोध कायम आहे. तुम्ही म्हणता ते करून बघायला मी येत्या १५ ऑगस्टला सभेत उभा राहीन, रस्त्याचा प्रश्नही विचारीन. पण सभा सभामंडपात नाही, शाळेच्या पटांगणात, जिथे ओटीताई म्हणतात तशा बायका आधीच बसलेल्या असतात. जागा बदलायचा अर्ज मी या आठवड्यात देतो आहे. तुमच्या गावात तुम्हीही द्या, म्हणजे तारखेबद्दल पुन्हा बोलू.