पुढच्या डाव्या दरवाज्याचे कुलूप रिमोटला दाद देत नाही; मोटर बदलूनही दोष कायम

मनीषनगर_नागपूर

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिचे सेंट्रल लॉकिंग मूळ कंपनीचेच आहे. गेल्या दीड महिन्यापासून रिमोटचे बटण दाबले की तीन दरवाजे ताबडतोब बंद होतात, पण पुढचा डावा दरवाजा कधी बंद होतो आणि कधी जागचा हलतही नाही. उघडतानाही तोच प्रकार होतो. घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी मल्टीमीटर लावून मोटरपर्यंत बारा व्होल्ट पोहोचत असल्याचे सांगितले आणि लॉकची मोटर बदलून दिली. त्यानंतर दहा दिवस सर्व व्यवस्थित चालले आणि अकराव्या दिवशी जुनाच दोष परत आला. आता तेथे संपूर्ण कंट्रोल युनिट बदलण्याचा सल्ला मिळत आहे आणि तो खर्च मोठा आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. त्याच दरवाज्याची पॉवर विंडोही अधूनमधून मध्येच थांबते. तसेच दरवाजा एकदा पूर्ण उघडून पुन्हा लावला, तर कुलूप काही वेळा आपोआप नीट चालू लागते. सकाळ, दुपार, संध्याकाळ असा वेळेचा संबंध मला दिसला नाही.

माझी आई त्याच बाजूला बसते. मागच्या आठवड्यात सीताबर्डीला भर उन्हात गाडी उभी केली, मी रिमोटने कुलूप उघडून खाली उतरलो, आणि तिचा दरवाजा मात्र आतून उघडेना. मी लगेच आत वाकून तो उघडला, परंतु तेव्हापासून मन स्वस्थ नाही. नेमके काय तपासावे, हे कृपया सांगावे.

हिंगणा_रोड

आधी रिमोटमधील सेल बदलून पाहावा. बहुतेक रिमोटमध्ये तीन व्होल्टचा सीआर 2032 सेल असतो आणि तो कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. त्याबरोबरच सेंट्रल लॉकिंगचा फ्यूजही तपासावा.

धरमपेठ_ऑटोइलेक्ट्रिक

वरील सूचना चारही दरवाजे बंद पडले असते तर योग्य ठरली असती. येथे तीन दरवाजे तत्काळ प्रतिसाद देत आहेत, याचा अर्थ रिमोटचा संदेश पोहोचतो आणि कंट्रोल युनिट आपले काम करते. आपल्या गाडीत फ्यूजही या सर्व दरवाज्यांना सामाईक असणार. म्हणून कंट्रोल युनिटवर पैसे खर्च करण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

एकाच दरवाज्याचे कुलूप आणि काच दोन्ही रुसतात, आणि दरवाजा हलवला की दोष येतो-जातो, ही आपण दिलेली माहिती सर्वांत मोलाची आहे. काचेची मोटर वेगळी, लॉकची मोटर वेगळी. दोघींमध्ये समान असते ती केवळ दरवाजा आणि गाडीचा खांब (ज्याला दरवाज्याच्या बिजागऱ्या असतात) यांच्यामधील रबरी नळीतून जाणारी वायरिंगची जुडी. दरवाजा प्रत्येक वेळी उघडताना ती जुडी त्याच जागी वाकते. दहा-बारा वर्षांत आतील तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात, पण वरचे प्लास्टिक शाबूत राहते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. मोटर बदलताना पॅनेल काढले गेले, जुडी ओढली गेली, तुटलेली टोके पुन्हा एकमेकांना टेकली आणि दहा दिवस निभावले, असे मला वाटते.

मल्टीमीटरने बारा व्होल्ट दाखवले, यावर गॅरेजने विसंबून राहणे मला पटत नाही. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. वायरमधील एकच तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. लॉकची मोटर मात्र क्षणभर काही अँपिअर प्रवाह मागते आणि तेवढा तो एकटा तंतू देऊ शकत नाही. यासाठी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्यावा, त्याला दोन वायरी जोडाव्यात आणि मोटरचा कनेक्टर काढून तेथे तो लावावा. बटण दाबल्यावर बल्ब एका सेकंदापेक्षाही कमी वेळ चमकतो, म्हणून दुसऱ्या व्यक्तीला रिमोट देऊन स्वतः बल्बाकडे पाहावे. हीच चाचणी चांगल्या चालणाऱ्या दरवाज्यावरही करावी आणि दोन्हींचा प्रकाश ताडून पाहावा. नंतर दरवाजा हळूहळू उघडत-मिटत पुन्हा बटण दाबावे. एखाद्या ठरावीक कोनातच बल्ब मंदावला किंवा विझला, तर दोष त्या रबरी नळीतच आहे.

एक बारकावा लक्षात ठेवावा. या मोटरला सामान्यतः दोनच वायरी असतात; कुलूप लावताना प्रवाह एका दिशेने जातो आणि उघडताना उलट्या. त्यामुळे कोणतीही एक वायर तुटली तरी दोन्ही क्रिया बंद पडतात. आपल्याकडे तसेच घडत आहे. कुलूप लागते पण उघडत नाही, अशी तक्रार असती तर मी आधी वायरीऐवजी लॉकची सळई, लॅच (दरवाजा अडकवून धरणारी कडी) किंवा मोटरची गिअर तपासली असती.

आईंसाठी आजच एवढे करावे: दरवाज्याच्या आतील कुलपाची खुंटी हाताने कशी ओढायची, हे त्यांना दोन-तीनदा करून दाखवावे. वीज नसली तरी ती खुंटी यांत्रिकरीत्या काम करते.

नंदनवन_440009

वरील निदानाशी मी सहमत आहे. तरीही पॅनेल उघडलेलेच असेल, तर लॅचकडेही पाहावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, बंद गाडीचा दरवाजा त्याहून कितीतरी तापतो, आणि लॅचमधील जुने ग्रीस धुळीबरोबर घट्ट होते. माझ्या गाडीत मागच्या दरवाज्याचे कुलूप अर्धवट सरकत असे. लॅच साफ करून पांढरे लिथियम ग्रीस लावल्यावर ते मोकळे झाले. घाण काढण्यासाठी पेट्रोल वापरू नये. रबर आणि प्लास्टिक खराब होते.

कुलूप लागून लगेच स्वतःच उघडण्याचा त्रास कोणाला असेल, तर तो वेगळा विषय आहे. तेव्हा बहुधा दरवाजा उघडा असल्याची खूण देणारा स्विच बिघडलेला असतो आणि कंट्रोल युनिट दरवाजा उघडा समजून कुलूप मागे घेते. सर्व दरवाजे लावूनही डॅशबोर्डवर दरवाज्याचा दिवा जळत असेल, तर तेथून सुरुवात करावी.

मनीषनगर_नागपूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी ओळखीच्या वायरिंगवाल्या दादांना बोलावून बल्बाची चाचणी केली. दरवाजा पूर्ण उघडा असताना बल्ब लख्ख चमकला, अर्धा मिटताच अगदी मंद झाला. रबरी नळी खांबाच्या बाजूने सोडवून मागे सरकवली तेव्हा लॉकची एक वायर केवळ दोन तंतूंवर टिकलेली दिसली, आणि काचेच्या मोटरची जाड वायर निम्मी तुटलेली होती. दोन्ही वायरींना नवा तुकडा जोडायचा आहे. ते साध्या इन्सुलेशन टेपने गुंडाळतो म्हणत आहेत. ते पुरेसे होईल का?

धरमपेठ_ऑटोइलेक्ट्रिक

टेप नको. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि दोन वायरी एकमेकींना टेकून फ्यूज जाऊ लागतो. तितक्याच जाडीची, अनेक बारीक तंतूंची मऊ वायर घ्यावी आणि जोड नळीत न ठेवता एक दरवाज्याच्या आत व दुसरा खांबाच्या आत येईल इतका लांब तुकडा घालावा, कारण सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि वाकत राहिली तर तेथेच पुन्हा तुटते. प्रत्येक जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, आणि आत कोठे पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजून त्याला हात लावू नये. रबरी नळी परत बसवताना तिचे दोन्ही ओठ खाचेत नीट बसले आहेत याची खात्री करावी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पाणी तेथूनच आत शिरते.