क्रॅक, कीजेन आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

अर्धविराम
काल भाचीचा मेसेज, "मामा, व्हिडिओ एडिटरचा क्रॅक आहे का?" क्रॅक म्हणजे पैसे न भरता चालावा म्हणून कुलूप तोडलेला प्रोग्राम, आणि ती विचारते पेन आहे का विचारावं इतक्या सहज. मला एकदम जुनी सीडींची पिशवी आठवली. सीडीवर मार्करने लिहिलेली सिरियल की, सोबत रीडमी फाइल : आधी इंटरनेट बंद करा, मग कीजेन चालवा. कीजेन, म्हणजे खोटी सिरियल की बनवणारा छोटा प्रोग्राम, उघडला की टुणटुण संगीत सुरू! तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ही चोरी वाटत नव्हती. ज्याची मूळ सीडी त्याच्याकडेच राहायची, मग चोरलं काय? भाचीला अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्याकडे पैसे नाहीत हे खरं, आणि बनवणाऱ्यालाही पोट आहे हेही खरं. उपदेश नको, किस्से येऊ द्या.

रातराणी
कीजेनचं संगीत!!! हहपुवा. स्पीकर मोठा राहिला होता, रात्री दोन वाजता बाबा काठी घेऊन बाहेर.

शाईपेन
मी पलीकडच्या बाजूची. फॉन्ट बनवते. गेल्या वर्षी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझाच फॉन्ट दिसला. माझाच हे कसं कळलं? चाचणीसाठी दिलेल्या फाइलमध्ये 'ङ'चं टिंब केसभर खाली होतं. विकायच्या आवृत्तीत ते वर आहे. मुखपृष्ठावर 'वाङ्मय' शब्द होता आणि टिंब खाली! प्रकाशकांना फोन केला, तर म्हणाले डीटीपीवाल्याने दिला. डीटीपीवाला म्हणाला मित्राने दिला. मित्र म्हणाला, अहो तो तर सगळ्यांकडेच आहे. म्हणजे चोर कुणीच नाही.

चकवा
वाईट वाटलं ताई. हे दुखणं जुनं आहे. १९७६ साली बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं, अल्टेअर बेसिकबद्दल, म्हणजे अल्टेअर या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्याच्या कंपनीच्या बेसिक भाषेबद्दल. अल्टेअर असणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, आणि घातलेला वेळ धरला तर ताशी २ डॉलरही सुटत नाहीत, असा त्रागा. तेव्हा प्रोग्राम कागदी टेपवर असायचा, छिद्रं पाडलेल्या. लोक त्याच्याही प्रती काढत होते!

रातराणी
गेट्स आणि गरिबी एका वाक्यात :)

चकवा
तेव्हा विशीतला पोरगा होता हो तो. पण एक आहे, फुकट वापरून लागलेली सवय पुढे ऑफिसच्या खर्चाने विकत घेतली जाते, हे कंपन्यांनाही कळतं. म्हणून विद्यार्थ्यांकडे काणाडोळा. शाईपेन ताईंसारख्या एकट्या माणसाला हा हिशेब लागू होत नाही. तिथे एक प्रत गेली की गेलीच.

जुनाट
पैसे भरणाऱ्याचे हाल कुणी लिहिणार की नाही? कारखान्यातल्या डिझाइन प्रोग्रामचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा खुंटा, प्रिंटरच्या पोर्टला लागायचा. नवीन मशीनला ते पोर्टच नाही, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. शेवटी ऑफिसातल्या पोराने क्रॅक टाकून दिला तेव्हा काम सुरू झालं. बिल फाइलला लावलेलं आहे, डोंगल ड्रॉवरमध्ये आहे, आणि चालतोय क्रॅक. ज्याला चोर म्हणायचं त्याने म्हणा.

उंबरठा
जुनाटकाका +१. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी घालणाऱ्यांच्या विंडोजमध्ये कॉपी रोखण्याच्या नावाखाली रूटकिट, म्हणजे विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्राम, बसत होतं. मार्क रसिनोविच या विंडोज तज्ज्ञाने ते उघड केलं. म्हणजे विकत घेणाऱ्याचाच पीसी पोखरला, फुकट्यांना काही नाही.
बादवे गेम डेव्ह टायकून हा कॉम्प्युटर गेम माहितीये का? २०१३. बनवणाऱ्यांनी स्वतःच एक 'क्रॅक' प्रत टॉरेंटवर सोडली. खेळात आपण गेमची कंपनी चालवायची, पण त्या प्रतीत थोडं पुढे गेलं की पायरसीमुळे कंपनीचं दिवाळं. आणि फुकटात खेळणारे लोक विचारत होते, पायरसी थांबवायला डीआरएमवर (कॉपी रोखणाऱ्या कुलपावर) संशोधन करता येतं का!! मी आठवडाभर हसत होतो.

मधलीसुट्टी
घाईत लिहितेय. माझ्या चुलतभावाने इन्स्टॉलरने सांगितलं म्हणून अँटीव्हायरस बंद केला. सकाळी सगळ्या फाइलींना भलतंच एक्स्टेन्शन आणि खंडणीची चिठ्ठी. प्रकल्प गेला, फोटो गेले. नीतिमत्ता बाजूला ठेवा, बॅकअप ठेवा. लेक उठली, बाकी नंतर.

रातराणी
बाप रे. आमचं बरं, विनरार या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचे फुकट चाचणीचे ४० दिवस अजून चालूच आहेत.

देठ
अर्धविराम, भाचीला केडेनलाइव्ह हा फुकट व्हिडिओ एडिटर द्या, नाहीतर ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्राम. ब्लेंडरचा सोर्स कोड २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो जमवून मोकळा करून घेतला, सात आठवड्यांत. त्यात एडिटिंगही होतं. फुकट आणि कुणाला तोंड चुकवायला नको.

अर्धविराम
सांगितलं. म्हणते, क्लासमध्ये दुसरंच शिकवतात आणि नोकरीच्या जाहिरातीतही तेच नाव असतं. तेही खोटं नाही.

देठ
मग विद्यार्थी सवलत आहे का ते कॉलेजला विचारायला सांगा. पुष्कळ ठिकाणी असते, विचारतच नाही कुणी.

उंबरठा
शाईपेन, पैसे मिळाले का शेवटी?

शाईपेन
प्रकाशकांनी दिले, कुरकुरत. डीटीपीवाल्याने आता मला ब्लॉक केलंय. मात्र तो मित्र भला निघाला, पूर्ण किंमत भरून परवाना घेतला आणि वर विचारतो, ठळक वजन कधी येणार?

रातराणी
मग कधी येणार?

शाईपेन
अगं, अजून 'क्ष'वरच अडलेय.

जुनाट
अवांतर : कुणाकडे फ्लॉपी ड्राइव्ह आहे का? जुने विकत घेतलेले प्रोग्राम पडून आहेत. तेव्हा कॉपी प्रोटेक्शन होतं म्हणून बॅकअप घेता आला नाही.

चकवा
यूएसबीवाला ड्राइव्ह मिळतो काका, पण साडेतीन इंची फ्लॉपीचा.

जुनाट
माझ्या सव्वापाच इंची आहेत.

चकवा
मग अवघड आहे. बुरशी लागली नाही ना, ते आधी बघा. व्यनि (खासगी मेसेज) करतो.