रेंजरचं प्रायमीव्हल अवेअरनेस कुणी वापरतच नाही, कामाचं कसं करायचं?

रानवाट:
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक. गट तिसऱ्या लेव्हलला आहे. रेंजरची (रानात वावरणाऱ्या शिकारी पात्राची) आवडती भूमी जंगल आणि मोहीमही जवळजवळ सगळी जंगलातच. तरी प्रायमीव्हल अवेअरनेस, म्हणजे आसपासचे अलौकिक जीव जाणवण्याची क्षमता, पडूनच आहे. हातात स्लॉट (मंत्र वापरायच्या खेपा) तीन, त्यात हंटर्स मार्क आणि क्युअर वूंड्स हे मंत्र. यावर स्लॉट घालवणार कोण? २०२४ च्या नियमांवर जायचं नाही, क्लासही बदलायचा नाही. एवढी एकच क्षमता सुधारायची आहे. डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) तयारी किती वाढेल?

षट्कोन:
स्लॉट हे अर्धंच दुखणं. खरी अडचण मिळणाऱ्या उत्तरात आहे. अ‍ॅक्शन आणि स्लॉट खर्चून इतकंच कळतं की मैलभरात अ‍ॅबरेशन, सिलेस्टियल, ड्रॅगन, एलिमेंटल, फे (परीलोकातले जीव), फीन्ड (राक्षसी जीव), अनडेड (मरूनही वावरणारे) यांपैकी कोण आहे. कुठे आहे, किती आहेत, काही नाही. आवडत्या भूमीत पल्ला सहा मैल होतो आणि तिथेच सगळं बिघडतं. जुन्या जंगलात सहा मैलांत एखादा फे नि एखादं अनडेड असायचंच. म्हणजे रेंजर जिथे सर्वांत तरबेज हवा, तिथेच 'हो' या उत्तराला किंमत उरत नाही.

म्हणून असं करा. प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) एकदा फुकट, त्यापुढे स्लॉट. जाणवलेल्या प्रत्येक प्रकारातला सर्वांत जवळचा जीव आठपैकी कोणत्या दिशेला आणि कोणत्या टप्प्यात आहे ते सांगा: ३०० फुटांच्या आत, मैलाच्या आत की त्यापलीकडे. संख्या आणि ओळख मात्र सांगू नका. आवडत्या भूमीत एक मैल की सहा, हे खेळाडूला ठरवू द्या.

तयारी फार नाही. नकाशा सहा मैलांच्या षट्कोनांचा असेल, तर मधोमध उभ्या रेंजरचा पल्ला सहाही शेजारी षट्कोनांच्या मध्यापर्यंत जातो. सात षट्कोनांत कोण राहतं तेवढं आधी लिहून ठेवा, प्रत्येकी एक ओळ: 'ईशान्य, पडका बुरूज, अनडेड'. ऐनवेळी सुचेल ते सांगितलंत तर पुढच्या सेशनला दिशा जुळत नाही, आणि एकदा चुकीच्या दिशेला चालवलेला खेळाडू ही क्षमता परत वापरत नाही.

शिशाचीपेटी:
दिशा आणि टप्पा, सहमत. पण गटात पॅलाडिन (पवित्र योद्धा) असेल तर सांभाळा. त्याची डिव्हाइन सेन्स ही क्षमता ६० फुटांत नेमकी जागा दाखवते, तेही फक्त सिलेस्टियल, फीन्ड आणि अनडेडची, आणि पूर्ण आडोशापलीकडचं कळत नाही. रेंजरला ६० फुटांच्या आत दिशासुद्धा देऊ नका, 'अगदी जवळ' एवढंच सांगा. मग दोघांचं काम वेगळं राहतं: एक माग काढतो, दुसरा बोट दाखवतो.

गावात वेषांतर करून बसलेला फीन्ड हे मोहिमेचं रहस्य असेल तर डिटेक्ट ईव्हिल अँड गुड या मंत्राचे अडथळे उसने घ्यायचा मोह होईल. त्यात एक फूट दगड, एक इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा, तीन फूट लाकूड किंवा माती हे सगळं अडवतं. सगळे घेऊ नका. मैलाच्या पल्ल्याला मातीचा नियम लावला तर पहिल्याच टेकाडाशी खेळ संपतो. फक्त शिसं ठेवा. शिशाने मढवलेली खोली सापडली की तीच एक खूण ठरते.

रानवाट:
पॅलाडिन आहे, त्यामुळे ६० फुटांचा मुद्दा घेतला. दहाव्या लेव्हलच्या हाइड इन प्लेन साइट या लपायच्या क्षमतेचीही हीच गत होणार का?

षट्कोन:
त्याहून वाईट. मिनिटभर चिखल, काजळी, पाला फासून स्टेल्थला (लपायच्या फाशाला) +१० मिळतात, पण भिंतीला किंवा झाडाला चिकटून, न हलता, अ‍ॅक्शन-रिअ‍ॅक्शन न घेता. पास विदाउट ट्रेस हा मंत्र रेंजरला पाचव्या लेव्हललाच घेता येतो: तासभर, ३० फुटांतल्या अख्ख्या गटाला तेच +१०, चालताचालता.

तेव्हा बोनसला हात लावू नका. रेडी अ‍ॅक्शन आणि तिची रिअ‍ॅक्शन, एवढी सूट द्या, म्हणजे कृती आधी ठरवून योग्य क्षणी करता येईल. दबा धरलेला रेंजर एक बाण सोडेल, बाण सुटला की रंगरंगोटी गेली, पुन्हा मिनिटभर काम. आणि दोन्ही +१० एकत्र धरू नका. डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, म्हणजे +४, आणि प्रोफिशिअन्सी (कौशल्याचा बोनस) +४ म्हणजे मुळात +८. त्यावर २० चढले की फाशावर १ पडला तरी बेरीज २९. अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगनचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता लपलेल्याला हेरायचा आकडा) २३ आहे.