तापमानवाढ माणसामुळंच का? आबांना काय उत्तर देऊ?

बागवाला_तासगाव :
महिनाभर घरात एकच वाद चाललाय, म्हणून इथं विचारतो. तासगावजवळ आमची दीड एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला तेव्हा बाग फुलोऱ्यात होती. पहाटे बॅटरी घेऊन मी आणि बायको ओळीतनं फिरत तारा हलवत होतो, घडातलं पाणी झटकायला. तिसऱ्या दिवशी घडाला हात लावला की हिरवी फुलं तळहातावर गळायची, मागं नुसता देठांचा सांगाडा. त्या साली बेदाण्याची शेड उघडलीच नाही.

मी म्हणतो, हवा बिघडलीय आणि ती माणसानं बिघडवलीय. आबांना (वडील, वय ७६) हे पटत नाही. "दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं पडला, तेव्हा कुणाच्या दारात गाडी होती? बहात्तरला मी खडी फोडलीय. निसर्ग असाच असतोय." मेव्हण्याचं आणखी वेगळंच : सूर्यच तापलाय, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आहे तरी किती, ०.०४ टक्के, तेवढ्यानं काय होतंय? मला उत्तर देता येत नाही. आबांना खोटं पाडायचं नाहीये, खरं काय ते कळू दे.

कोरेगावकर :
मी तुमच्या आबांच्या बाजूचा. जरा काही झालं की 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून मोकळं व्हायचं, हे मला मान्य नाही. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. पाऊस होताच, पण ओढे बुजवून घरं कुणी बांधली? पूररेषेच्या आत भराव कुणी टाकले? सगळं हवेच्या माथी मारलं की याचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

मिरजेचा_मास्तर :
कोरेगावकर, ओढ्यांचं अगदी खरं. एकट्या पुराचं किंवा एका अवकाळीचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण पृथ्वी का तापतेय, हा प्रश्न वेगळा आहे. मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, जमेल तसं सांगतो.

बागवाले, मेव्हण्यांना विचारा, जीए (जिबरेलिक आम्ल, घडावर मारतात ते वाढीचं औषध) किती पीपीएमनं मारता? दहा पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, आणि तेवढ्यानं घड लांबतो, घडाच्या पाकळ्या, म्हणजे बारक्या फांद्या, मोकळ्या होतात. हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीची उष्णता तशीच वर जाऊ देतात, कार्बन डायऑक्साइड ती अडवतो. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच हे प्रयोग करून दाखवलं.

सूर्य कारण असता तर खालपासून वरपर्यंत सगळी हवा तापली असती. प्रत्यक्षात खालची तापतेय आणि वरचा थर, स्थितांबर, थंड होत गेलाय. उपग्रह १९७८ पासून सूर्य मोजतायत, त्याची आच वाढलेली नाही.

आबा म्हणतात तसं हवामान पूर्वीही बदलायचं. हिमयुगं आली नि गेली, ती पृथ्वीच्या कक्षेतल्या फरकांमुळं, आणि त्याला हजारो वर्षं लागायची. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत कारखानदारीपर्यंत हा वायू ३०० पीपीएमच्या फारसा वर गेलेला दिसत नाही. जादाचा कार्बन कुठला तेही कळतं. कोळसा नि तेल जुन्या वनस्पती-शेवाळांपासून झालेलं, त्यात कार्बन-१३ (कार्बनचाच जरा जड प्रकार) कमी असतो. हवेतलंही त्याचं प्रमाण घटत चाललंय.

आणि हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पडतो तेव्हा बदाबदा पडतो, त्याचं एक कारण हे.

कोरेगावकर :
सूर्याचा मुद्दा सोडला. ओढ्यांचा सोडणार नाही.

मिरजेचा_मास्तर :
सोडूही नका.

बागवाला_तासगाव :
काल संध्याकाळी आबांना जीएचं सांगितलं. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं जीए कालवलंय. बराच वेळ बोलले नाहीत, सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बरं, यंदा फळछाटणी कधी धरायची?"

आम्ही दसऱ्याच्या आसपास धरतो, म्हणून तर फुलोरा डिसेंबरच्या पावसात सापडला. ऑगस्टच्या शेवटी कुणी धरून बघितलीय का? डावणी रोग किती आला, फवारण्या किती झाल्या, सांगा.