सोन हारोचो ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

मेतकूट_भात: मंडळी, 'ला बांबा' मला रिची वॅलेन्सच्या १९५८ च्या रॉक-अँड-रोल रेकॉर्डमुळे माहीत, पण ते मुळात मेक्सिकोतल्या वेराक्रूसकडचं लोकगीत आहे म्हणे, तिथल्या सोन हारोचो नावाच्या लोकसंगीतातलं. आता मूळ बाज ऐकायचाय. यूट्यूबवर शोधलं की पांढरे कपडे, हार्प, सुसाट वेग आणि टुरिस्टांच्या टाळ्या, एवढंच येतंय. खरं कोणाचं ऐकू? स्पॅनिश शून्य, घरी युकुलेले आहे.

उत्तररात्र: मोनो ब्लांको. डोळे झाकून. १९७७ ला सुरू झालेला ग्रुप. त्याआधी हे संगीत रेडिओ, सिनेमा नि स्टेजवरच्या लोकनृत्यांसाठी घासूनपुसून चकाचक झालं होतं आणि गावातले फांदांगो मागे पडत चालले होते, तर या लोकांनी आर्कादिओ इदाल्गोसारख्या म्हाताऱ्या गवयाला सोबत घेतलं आणि गावोगाव परत फांदांगो सुरू केले. फांदांगो म्हणजे मधे लाकडी पाट (तारिमा), भोवती हाराना (छोटी गिटार) वाजवणारे आणि पाटावर नाचणाऱ्यांचे पाय, तोच ताल. म्हणून हेडफोन लावून पाय ऐक, गाणं नंतर.

खडीसाखर: +१, पण हार्प दिसली की नकली असं काही नाही हं. ला नेग्रा ग्रासियाना ऐका, ही बाई हार्पवर काय धुमाकूळ घालते! वेराक्रूसच्या दक्षिणेला तुश्तलाच्या बाजूला मात्र हारानाचाच जोर. रेकिंतोसाठी (धून वाजवणारी छोटी गिटार) सोन दे मादेरा हा ग्रुप.

मेतकूट_भात: ऐकतोय, भारी आहे!! पण टाळी द्यायला गेलो की चुकतेय.

उत्तररात्र: चुकणारच. बरेचसे सोन (म्हणजे यातली गाणी) सहा मात्रांचे, पण एक जण तीन-तीन धरतो, दुसरा दोन-दोन-दोन, दादऱ्यात कोणी मुद्दाम खोडी काढावी तसं. ला बांबा चारच्या ठेक्यात असल्यामुळे सोपं वाटतं.

खडीसाखर: आणि युकुलेले वाया जाणार नाही. हारानाला बहुतेक आठ तारा, पाच ठिकाणी, मधल्या तीन जोडतारा. एक नेहमीचं ट्युनिंग जी-सी-ई-ए-जी, म्हणजे तुझेच चार सूर आणि वर एक जी. कॉर्ड तेच, उजव्या हाताचा झटका तेवढा शिकावा लागेल. २ फेब्रुवारीच्या आसपास वेराक्रूसमधल्या त्लाकोताल्पान गावी कांदेलारियाची जत्रा असते, हारानावाले जमतात, तिथले व्हिडिओ बघ, मनगटं नीट दिसतात.

मेतकूट_भात: मनगटं बघतो. शेजारी काय म्हणतात ते कळवतो 😄