बीटल १९६९ : डावं स्टिअरिंग उजवीकडे न्यायचंय, टनेल कापावाच लागतो का?

दांडियाबझार_६९

गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, डाव्या स्टिअरिंगची. पुढे बॉल जॉइंटचा बीम (पुढची चाकं धरणाऱ्या आडव्या नळ्यांची चौकट), चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकचा दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, १२ व्होल्ट. आरसी आणि चासी नंबर तंतोतंत जुळतात. इंजिन-गिअरबॉक्स उत्तम आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

बडोद्यातच काम करायचं आहे. मकरपुरा जीआयडीसीत दोन ठिकाणी विचारलं. एक मिस्त्री म्हणतात, आहे तोच स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगची गिअरपेटी) उजवीकडे क्लॅम्प करू आणि पेडलं तिकडे बोल्ट करू, बाकी काही नको. दुसरे म्हणतात, बॉक्स जागेवरच राहू द्या, डॅशबोर्डखाली दोन स्प्रॉकेट आणि चेन टाकून फक्त चाक उजवीकडे आणू. दोघांचंही म्हणणं आहे की टनेल (गाडीच्या तळाच्या मधोमध जाणारा पत्र्याचा लांब पोकळ उंचवटा) कापायची गरज नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. कोणते भाग उजव्या स्टिअरिंगच्याच गाडीचे घ्यावे लागतात? टनेलच्या आत नक्की काय बदलतं? आणि कामाचा क्रम काय ठेवायचा?

उलटे_आटे

चेन डोक्यातून काढूनच टाका. चेनला थोडी ढील ठेवावीच लागते, आणि ती सगळी ढील स्टिअरिंगच्या चाकात प्ले (रिकामी हालचाल) म्हणून येते. दिशा बदलताना चेन आधी ताणली जाते, मग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाचा दांडा) फिरतो. एक लिंक गेली की हातात फक्त चाक उरतं. ज्या गाडीत माणसं बसणार आहेत तिच्यात हे करू नये.

पहिल्या मिस्त्रींची कल्पना ऐकायला सोपी आहे, पण बॉक्स नुसता सरकवून भागत नाही. डाव्या गाडीचा बॉक्स तसाच उजवीकडे नेला तर ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून चाकं वळवणारा दांडा) चुकीच्या बाजूला येतो. आर्म जागेवर आणायला बॉक्स कॉलमभोवती उलटा केला, तर सेक्टर शाफ्ट (आर्म फिरवणारा दांडा) वर्मच्या (बॉक्समधल्या स्क्रूसारख्या गिअरच्या) दुसऱ्या बाजूला जातो आणि आर्म उलट फिरतो. म्हणजे चाक डावीकडे आणि गाडी उजवीकडे. म्हणून उजव्या गाडीचाच बॉक्स हवा.

बीमही उजव्या गाडीचाच घ्या. वरच्या ट्यूबवर बॉक्सचा क्लॅम्प जिथे बसतो तिथे वेल्ड केलेला स्टॉप असतो. बॉक्स किती फिरवून बसवायचा ते त्या स्टॉपवर ठरतं. डाव्या बीमवर अंदाजाने नवा स्टॉप लावला आणि कोन थोडा जरी चुकला तरी कॉलम बॉक्सला जोडणारी कपलिंग डिस्क वाकडी राहते. तिचं रबर-कापड मग लवकर फाटतं. घेताना बीम तुमच्यासारखाच बॉल जॉइंटचा आहे ना ते पाहा. १९६५ च्या ऑगस्टआधीचा किंगपिनचा बीम चालणार नाही. १३०२ किंवा १३०३ मॉडेलच्या बीटलचा पुढचा भाग तर स्ट्रटचा असतो, तो पूर्णच वेगळा.

ड्रॉप आर्मपासून पुढच्या चाकांकडे जाणारे टाय रॉड दोन, एक लांब आणि एक आखूड. तुमच्या गाडीत आखूड डावीकडे आहे, आता तो उजवीकडे येईल. एका टोकाला उलटे आटे असतात, ते तपासून मगच फिरवा, नाहीतर रॉड एंडचे आटे खाल्ले जातात. स्टिअरिंगचे धक्के शोषणाऱ्या डॅम्परचीही बाजू बदलते, त्याचा ब्रॅकेट उजव्या बीमवर असतोच.

आता पेडलं. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. स्टिअरिंग आरशातल्यासारखं पलटतं, पेडलं पलटत नाहीत. क्रम दोन्हीकडे तोच, डावीकडून क्लच, ब्रेक, एक्सलरेटर. पण तुमच्या गाडीत टनेलला लागून एक्सलरेटर आहे, उजव्या गाडीत टनेलला लागून क्लच येतो आणि एक्सलरेटर सर्वात लांब जातो. म्हणून जुना संच वेल्डिंगने पलटून चालत नाही. उजव्या गाडीचा पूर्ण संच घ्या, शाफ्ट, हुक, एक्सलरेटरची लिंक आणि पेडल-स्टॉपसकट. बीम, बॉक्स, कॉलम आणि हा संच एकाच गाडीतून मिळाला तर सर्वात चांगलं. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडमधल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, तिथले भाग बघा. मेक्सिको आणि ब्राझीलच्या गाड्या डाव्या, तिथला भाग घेताना बाजू विचारून घ्या.

टनेल कापावा लागतोच. क्लचच्या केबलची नळी टनेलच्या आत असते. पुढे तिचं तोंड पेडलच्या बाजूला असतं, मागे ती डावीकडे बाहेर पडते, कारण गिअरबॉक्सवरचा क्लच लिव्हर डावीकडे आहे. मागचं टोक तसंच राहील, पुढचं टोक उजव्या भिंतीकडे न्यायचं. पेडलांच्या मागे टनेलच्या वरच्या पत्र्यात खिडकी कापा, कापलेला तुकडा जपून ठेवा, शेवटी तोच परत झाळायचा. नळी लांब आणि सौम्य तिरपी न्या. कोपऱ्यात एकदम वळवली तर पेडल जड होतं आणि केबलच्या तारा एकेक करून तुटतात. नळीला आधाराच्या पट्ट्या नीट झाळा. टाका कच्चा राहिला तर क्लच दाबला की नळीच पुढे सरकते, आणि कितीही ॲडजस्ट केलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. हा दोष टनेल बंद झाल्यावर सापडतो आणि पुन्हा कापावं लागतं.

एक महत्त्वाचं. पेट्रोलची लाइन याच टनेलमधून जाते. ग्राइंडर लावण्याआधी टाकी रिकामी करून गाडीतून काढा, लाइन दोन्ही टोकांना सोडा, कॉम्प्रेसरने हवा मारा आणि टनेल रात्रभर उघडा ठेवा. लाइन गंजलेली दिसली तर आताच बदला. गिअरचा शिफ्ट रॉडही आधी पुढून काढून घ्या. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, वेल्डिंगआधी तीही बाहेर.

मांडवी_व्हील्स

वर सगळं बरोबर आहे. मी बॉडी, ब्रेक आणि वायरिंगचं लिहितो.

उजव्या गाडीचा डॅशबोर्ड बसवायला जुना कापावा लागतो. तो कापण्याआधी दोन्ही बिजागऱ्यांच्या खांबांमध्ये चौकोनी पाइप आडवा टाका आणि दरवाज्यांच्या चौकटीतही आधार द्या. डॅशचा पत्रा दोन्ही खांबांना जोडून ठेवतो. आधाराशिवाय कापला तर खांब हलतात आणि नंतर दरवाजा कुलपाशी बसत नाही. नवा डॅश आधी नुसत्या क्लॅम्पवर धरा, दोन्ही दरवाजे उघडून-मिटून फटी मोजा, मग टाके मारा. कॉलमचं भोक डॅश बसल्यावर आणि कॉलम प्रत्यक्ष धरून मारायचं. तेव्हा रिकामी टाकीही एकदा ठेवून पाहा, कॉलम आणि टाकी यांच्यात बोट सहज फिरलं पाहिजे.

ब्रेक. मास्टर सिलिंडर फ्रेम हेडवर (टनेलच्या पुढच्या टोकावर) उजवीकडे येतो, त्यामुळे पुढचे पाइप नवे. पाइप ४.७५ मिमी, नटचे आटे एम१० बाय १. पाइपचं तोंड बबल फ्लेअरचं (फुग्यासारखं फुगवलेलं) हवं. आपल्याकडे पाइप करून देणारे सवयीने दुहेरी फ्लेअर (आत दुमडलेलं तोंड) करतात, तो या गाडीच्या बैठकीत बसत नाही. नट आवळला की बसल्यासारखा वाटतो आणि जोरात ब्रेक दाबला की पाझरतो. एक जुना पाइप कापून नमुना म्हणून सोबत न्या. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात १ मिमी मोकळी जागा ठेवा, ती पेडल-स्टॉप सरकवून मिळवायची, पुशरॉडची लांबी बदलायची नाही. जागा ठेवली नाही तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं छिद्र बंद राहतं आणि थोडी गाडी चालली की चारही ड्रम तापून ब्रेक धरून बसतात. ब्रेक लाइटचे स्विच सिलिंडरवरच आहेत, त्यांच्या वायरी वाढवाव्या लागतील.

वायपर विसरू नका. स्पिंडलची भोकं आणि यंत्रणेची चौकट दोन्ही उजव्या गाडीप्रमाणे हवीत. जुनीच ठेवली तर पुसायचा राहणारा कोपरा नेमका चालकाच्या समोर येतो, बडोद्याच्या पावसात ते चालणार नाही.

हेडलाइटही बदला. उजवीकडून चालणाऱ्या देशांच्या दिव्यांचा डिपर उजव्या बाजूला उंच झेप घेतो. इथे तो सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. डाव्या वाहतुकीच्या काचा घ्या. स्पीडोमीटरची केबल आणि पुढचा वायरिंग हार्नेस यांची लांबी नव्या मार्गाने दोरी टाकून मोजा.

पेपर_आधी

हत्यारं काढण्याआधी कागद पाहा. दांडियाबझारभाऊ, तुमची गाडी ५० वर्षांच्या वर गेली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. त्यात नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. टनेल आणि डॅश कापल्यावर हा रस्ता अवघड होतो. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही, हेही लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे डावं स्टिअरिंग असलं म्हणून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२० प्रमाणे विहित प्रकारचं यांत्रिक किंवा विजेवरचं सिग्नल देणारं साधन चालू स्थितीत असेल तर डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवता येते. बदल करायचाच असेल तर कलम ५२ वाचा आणि आरटीओला आधी लेखी अर्ज द्या, जुन्या-नव्या भागांचे फोटो जोडून.

आणि कुणी म्हणालं की ‘उजव्या गाडीचा अख्खा फ्लोअर पॅनच टाकू, टनेलचं काम वाचेल’, तर नाही म्हणा. बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली टनेलवरच ठोकलेला असतो. पॅन बदलला की नंबर गेला, आणि आरसीचा त्या गाडीशी संबंध संपला.

माझं मत विचाराल तर सणावाराला आणि रॅलीला काढायची गाडी असेल तर तिला डावीच राहू द्या. रोज अलकापुरीपर्यंत जाऊन यायचं असेल तरच कापा.

दांडियाबझार_६९

सर्वांचे मनापासून आभार. गाडी रोज वापरायची आहे, त्यामुळे अर्ज आधी, काम नंतर. एवढंच सांगा, सगळं बसल्यावर स्टिअरिंग सेट करायचा क्रम काय?

उलटे_आटे

टाय रॉड सुटे ठेवा. स्टिअरिंगचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर अर्ध्यावर आणा आणि खूण करा. वर्म आणि रोलरमध्ये सर्वात कमी प्ले याच जागी असतो, म्हणून सरळ चालताना बॉक्स इथेच असला पाहिजे. आता पुढची दोन्ही चाकं सरळ धरून टाय रॉड जोडा. लांबी रॉडनेच जुळवा. स्टिअरिंगचं चाक तिरकं दिसतंय म्हणून नुसतं स्प्लाइनवर (कॉलमच्या दातेरी टोकावर) काढून बसवलं तर दिसायला सरळ होतं, पण बॉक्स मध्यावरून हलतो आणि प्ले येतो.

रॉड एंडचा कॅसल नट सुमारे ३० न्यूटन-मीटर आणि नवी स्प्लिट पिन, स्टिअरिंगच्या चाकाचा नट ५०. टो-इन (पुढची चाकं समोरून आत झुकलेली असतात तो फरक) २ ते ४ मिमी. बॉक्सचा स्क्रू प्ले घालवण्यासाठी जास्त आवळू नका. वळणानंतर स्टिअरिंगचं चाक आपोआप परत यायला हवं. येत नसेल तर स्क्रू जास्त झाला, मागे घ्या.

क्लच पेडलला १० ते २० मिमी मोकळी चाल. गिअरबॉक्सजवळच्या बाहेरच्या लवचिक नळीला २५ ते ४५ मिमी झोल ठेवा, तो कमी पडला की क्लच धक्के देत धरतो. ब्रेकची हवा लांबच्या चाकापासून काढत या, मास्टर सिलिंडर आता उजवीकडे आहे, म्हणजे सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून आणि शेवट पुढच्या उजव्या चाकावर.

हॉर्न वाजला नाही तर स्विच उघडू नका. कपलिंगचं रबर वीज अडवतं, म्हणून तिच्यावरून अर्थची एक छोटी वायर जाते. नव्वद टक्के वेळा तीच लावायची राहिलेली असते.