मुर्मान्स्क: डिसेंबर की मार्च? आईबाबांना न्यायचंय

भटकी_जाई:
नमस्कार मंडळी, रशियातल्या मुर्मान्स्कला कोणी जाऊन आलंय का? नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्री आकाशात हलणारे ते हिरवे प्रकाश, बघायची आईची फार जुनी इच्छा आहे, आई ६४ ची आणि बाबा ६९ चे, दोघं चालते फिरते आहेत पण बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. मला सुट्टी ख्रिसमसमध्ये मिळतेय. एजंट म्हणतोय दोन रात्री पुरे, लाइट्स दिसतातच. खरंच पुरतात का? आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, तिच्या जेवणाचं काय करायचं?

उत्तरेचा_वारा:
जाई, मी दोनदा गेलोय, एकदा डिसेंबरात आणि एकदा मार्चमध्ये. दिसतातच असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नकोस. आकाशात लाइट्स असल्या तरी खाली ढग असले की काही दिसत नाही आणि समुद्र जवळ असल्याने तिथे ढग भरपूर. पहिल्या वेळी तीन रात्री गाडीतून ढग चुकवत फिरलो, शून्य. मार्चमध्ये पाच रात्री ठेवल्या, चौथ्या रात्री एकला आकाश असं हिरवं हललं की ड्रायव्हरपण गाडीतून उतरून बघत उभा राहिला.

आणि डिसेंबरचं लक्षात घे, २ डिसेंबरच्या आसपासपासून ११ जानेवारीपर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड येतो, तो फार सुंदर असतो, पण मग अंधार. माझ्या वडिलांना तिसऱ्या दिवसापासून झोपेचं काही कळेना. आईबाबांसोबत मार्चच. दिवस पुण्यामुंबईसारखा बारा तासांचा आणि रात्र लाइट्सना पुरेल एवढी अंधारी.

मीठभाकर:
जेवणाचं मी सांगते, मीपण शाकाहारी. "पोस्तनी" हा शब्द पाठ करा. चर्चच्या उपासाचं जेवण, त्यात मांस दूध अंडं काही नसतं, पण मासे चालतात का ते वेगळं विचारा. ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे दाणे शिजवलेले, बटाटा नाहीतर कोबी भरलेले पिरोश्की, बीटाचं सॅलड, एवढ्यावर आरामात भागतं. बोर्श सूप मात्र बहुतेक मांसाच्या पाण्यात असतं, लाल रंग बघून फसू नका. मी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी नेली होती आणि किचन असलेलं अपार्टमेंट घेतलं, बाहेर उणे पंधरा आणि आत गरम थालीपीठ, आईंना बरं वाटेल.

उत्तरेचा_वारा:
आणखी एक, भारतातली व्हिसा मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, २०२२ पासून बंद आहेत. डॉलर किंवा युरो कॅश न्या, मॉस्कोतच रूबल करून घ्या.

गुडघ्याचं म्हणशील तर थंडीपेक्षा फुटपाथवरचा घट्ट बर्फ धोक्याचा. बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते दोघांना घ्याच आणि बाबांना काठी. घरात हीटिंग इतकं असतं की आत शिरलं की घाम फुटतो, म्हणून एक जाड जॅकेट आणि आत पटकन काढता येतील असे थर.

शहरालाही एक दिवस द्या. लोक फक्त रात्रीसाठी येतात आणि दिवसा झोपतात, मला ते फार खटकतं. १९१६ मध्ये वसलेलं, झारच्या काळातलं शेवटचं शहर, एवढ्या उत्तरेला असूनही कोमट प्रवाहामुळे बंदर हिवाळ्यात गोठत नाही, म्हणूनच तर ते वसवलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची जहाजं मदतीचं सामान घेऊन इथे यायची आणि बॉम्बहल्ल्यांत शहर जवळपास जळून गेलं. टेकडीवर त्या युद्धाचं स्मारक म्हणून अल्योशा नावाच्या सैनिकाचा पुतळा आहे, नुसता सैनिकच ३५.५ मीटर उंच, तिथे टॅक्सी वरपर्यंत जाते. 'लेनिन' आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत जाणारं जहाज, बंदरात उभं आहे, पाणबुडी सोडली तर अणुशक्तीवर चालणारं जगातलं पहिलं जहाज, आता म्युझियम. आत लोखंडी जिने आहेत, बाबांना विचारून ठरव.

भटकी_जाई:
खूप आभार, मार्चच ठरवते, सुट्टीचं ऑफिसात बोलते. तिथून समुद्रकाठच्या तेरिबेर्का गावाला एका दिवसात जाऊन येता येतं का?

मीठभाकर:
येतं, साधारण १२० किमी आहे, पण बर्फाचं वादळ आलं की रस्ता बंद करतात आणि कधी कधी तिथेच अडकायला होतं. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर अजिबात जाऊ नका. आईबाबांची औषधं त्या दिवशी हँडबॅगेत, दोन दिवसांची जास्तीची.